पुढचं मावशीकडे

४ एप्रिल

ताई,

नमस्कार. मी तुमच्या धाकटीचा नवरा. ओळख करून द्यावी लागते आहे, कारण आपण आजवर एकदाच बोललो. फोनवर, ती गेली त्या सकाळी. तुम्ही "येते" म्हणालात. पुढे जमलं नसेल. हे पत्र त्याबद्दल नाही. आमचं लग्न तुम्हाला पसंत नव्हतं आणि तेव्हापासून तुम्हा बहिणींचं बोलणं बंद झालं, त्याबद्दलही नाही.

पत्र एका पुस्तकासाठी आहे. अर्ध्या पुस्तकासाठी म्हणा.

मी वाचणारा माणूस नाही. पण तुमच्या या पुस्तकाची हकीकत इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे हजर होतो असं वाटतं. लहानपणी तुम्ही दोघी त्यावरून इतक्या भांडलात की एकीने दुसरीच्या हाताचा चावा घेतला. कोणी कोणाचा, ते ती दर वेळी वेगळं सांगायची. तेव्हा तुमच्या वडिलांनी कापडाची कात्री उचलली, पुस्तक बरोबर मध्यावर कापलं आणि दोन्ही तुकड्यांना पँटच्या उरलेल्या कापडाची कव्हरं शिवून दिली. सुरुवात धाकटीला, शेवट थोरलीला. म्हणाले, "आता खुशाल भांडा. गोष्ट पुरी करायला एकीला दुसरीकडे यावंच लागेल." शिंपी माणूस, मापात चुकत नसेल. इथे मात्र चुकला.

आमच्याकडचा तुकडा निळ्या कापडात आहे. गोष्ट तुम्हाला पाठ असेल. ठिणगी नावाच्या मुलीचा भाऊ आजारी पडतो. थंडी नावाची म्हातारी त्याला उचलून आपल्या कोठारात नेऊन ठेवते, दूध नासू नये म्हणून गारव्याला ठेवतात तसं. ठिणगी स्वेटर चढवून त्याला आणायला निघते. 'थंडीचं कोठार एकच, दारं मात्र गावोगाव,' असं त्यात छापलं आहे. दार लोखंडी. ते उघडं राहिलं तर आतलं सगळं वितळेल, म्हणून आत गेल्यावर ओढून घ्यायचं. आमच्या तुकड्यातलं शेवटचं वाक्य असं आहे: 'ठिणगीने दार आतून ओढून घेतलं आणि'.

पुढे कात्री.

धाकटी फ्रिजचं दार दोन्ही हातांनी लावायची आणि पुटपुटायची, "मिटलं कोठार." नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं, रबर सैल झालं असेल. मी रबर बदललं. तरी तिचं चालूच. शेवटी विचारलं तेव्हा पुस्तक निघालं. एवढी मोठी बाई, पण दार लावताना सात वर्षांची व्हायची. मी शीतगृहात मशिनवर आहे हे कळलं म्हणूनच लग्नाला हो म्हटलं, असं ती लोकांना हसत सांगायची. तुम्हीही दार असंच लावता का, असं मनात येतं.

आमची मुलगी, मनी, हिला ती रोज तेवढीच गोष्ट सांगायची. कात्रीपाशी आली की थांबायची. "पुढचं मावशीकडे." मनीने कितीही पाय आपटले तरी शेवट सांगितला नाही. तिला तो माहीत होता. पण वडिलांनी वाटणी केली ती केली. इस्पितळात असतानाही मनीने विचारलं, तेव्हा म्हणाली, "मावशी येणार आहे ना, तिच्याकडूनच ऐक."

तुम्ही येणार म्हणून तिला दोन दिवस शवागारात ठेवलं होतं. मनी माझं बोट धरून बाहेर उभी होती. तिथल्या शिपायाने भल्या मनाने तिला सांगितलं, "आईला आत थंडीत ठेवलंय हं. नीट राहते मग." आणि लोखंडी दार ओढून घेतलं. आमच्या गोदामाच्या दारांचाही आवाज असाच आहे. मनीने मला विचारलं, "बाबा, हे कोठार का?" मला बोलणं लवकर सुचत नाही.

पुढचं सगळं झालं तेव्हा तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. त्यामुळे तिच्या लेखी आई आत गेली आहे. बाहेर आलेली तिने पाहिलीच नाही.

आम्ही शीतगृहाच्या आवारातच राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार नंबरच्या खोलीचं दार दिसतं. ही सगळ्यांत थंड खोली, पाणी ठेवलं तर दगड होतं. बाहेरून ते दार बोटाने उघडतं. आतून उघडायला एक दांडा आहे, तो हल्ली अडकतो, जोर लावावा लागतो. मनी त्या दाराकडे बघत जेवते.

तुमचा तुकडा पाठवा. झेरॉक्स चालेल. गेलेलं माणूस परत येत नाही, असंच काहीतरी पुढे असणार. मला ते सांगता येत नाही. छापलेलं असेल तर तिला पटेल.

तुमचा,
धाकटीचा नवरा


१९ एप्रिल

ताई,

नमस्कार. पहिलं पत्र पोचलं असेल. टपालाचा भरवसा नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

मनीने ट्रंकेतून स्वेटर काढायला लावले. बाहेर ऊन मी म्हणतं आहे. शाळेतून आली की ती एकावर एक दोन स्वेटर घालून बसते, घामाने केस कपाळाला चिकटतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं ए कणसा, सोलू का तुला?" एरवी ती हसली असती. "मला सवय करायची आहे," म्हणाली.

"कशाची गं?"

"काकू, तुम्हाला नाही कळणार. तुमच्याकडे पुस्तक नाही."

काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरीकडे लक्ष ठेवा. रडणारं मूल परवडतं, हे असं तयारी करणारं नाही." काकूंना दिवसभर बोलायला लागतं, म्हणून मी त्यांचं फारसं मनावर घेत नाही. हे मात्र घेतलं.

परवा कामावरून आलो तर ती फ्रिजमध्ये हात घालून उभी होती. बोटं लाल झाली होती. मी दार लावलं. तिने ते पुन्हा उघडलं आणि दोन्ही हातांनी लावलं. "मिटलं कोठार." आवाज इतका आईसारखा काढला की मी पाणी न पिताच बाहेर गेलो.

आणखी एक खूळ आहे. घरातल्या प्रत्येक दारात एक चप्पल. न्हाणीघराच्या, खोलीच्या, कपाटाच्यासुद्धा. मी दोनदा अडखळलो. रागावलो तर म्हणते, "नियम आहे." धाकटी म्हणायची, मुलांच्या खुळाला औषध नाही, वय हेच औषध. म्हणून ते चालू दिलं.

शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. मोठेपणी कोण होणार, असं वर्गात विचारलं होतं. मनी म्हणाली, आधी एक काम आहे, ते झालं की सांगते. बाई हसत होत्या. मला हसू आलं नाही.

निळा तुकडा आता मीही वाचतो. जेवणाच्या सुट्टीत डब्याबरोबर नेतो. कात्रीच्या जागी पानाच्या कडा नागमोडी झाल्या आहेत, धाकटीच्या बोटांनी. 'आणि' शब्दापाशी डाग आहे. रोज तिथे बोट टेकून थांबली असेल. चाळिशीच्या माणसाने असल्या पुस्तकात काय शोधावं, कळत नाही. पण एकदा आत शिरलं की लवकर बाहेर येववत नाही.

पाठवा, ताई. आपलं बोलणं नसलं तरी चालेल. नुसतं पाकीट पाठवा.

धाकटीचा नवरा


६ मे

ताई,

तुम्ही उत्तर देणार नाही असं दिसतं.

मी कुणाला टाकून बोलत नाही. पण तुमची बहीण शेवटच्या आठवड्यात दाराकडे तोंड करून झोपायची. नर्स म्हणायची, कूस बदला, पाठीला जखम होईल. ती बदलायची नाही. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो, निदान माझ्याकडे तरी बघेल म्हणून. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची. हे लिहायचं नव्हतं. लिहून गेलं, आता खोडत नाही.

अर्धं पुस्तक मागतो आहे. तुमच्या घराचा अर्धा भाग नाही मागत.

मनीशी रविवारी बोललो. बोललो म्हणजे तीच बोलली. मी म्हटलं, "चार नंबरच्या दाराकडे जायचं नाही. समजलं?"

"तू जातोस."

"माझं काम आहे तिथे."

"जेवणाच्या सुट्टीत पण?"

मी म्हटलं, दप्तर भर. ती म्हणाली, आज रविवार आहे.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "बाबा, आत गेलं की हाक मोठ्याने मारायची की हळू?"

"कुठेही जायचं नाही आणि हाक मारायची नाही."

"मग ठिणगीने काय केलं?"

"मला माहीत नाही."

"बघ. म्हणून मावशी हवी."

ती रडत नाही. आई गेल्यापासून एकदाही रडलेली नाही. गावाला जायचं ठरलेलं मूल जसं शहाण्यासारखं वागतं, तशी वागते. दूध पिते, नखं कापू देते. काल तिने आपली रंगपेटी काकूंच्या नातीला देऊन टाकली. "मला आता वेळ नाही होणार," असं सांगून.

मी काय करू? खिडकीला पडदा लावला, तो ती सरकवते. काकू सबंध दिवस पाठीमागे राहू शकत नाहीत, आणि आता शाळेला सुट्टी लागते आहे.

चार नंबरचा दांडा बराच अडकायला लागला आहे. रबरावर बर्फ धरतो. परवा आतून सहा-सात धक्के दिले तेव्हा दार सुटलं. फिटरला सांगायचं आहे, रोज राहतं. सुपरवायझरने हटकलं, "काय रे, भुवया पांढऱ्या झाल्या? म्हातारा झालास का जेवता जेवता?" मी म्हटलं, पीठ असेल. तो म्हणाला, "डब्यात तोंड घालून जेवतोस वाटतं."

पुढचं तुमच्याकडे आहे. एवढंच सांगायचं होतं.

धाकटीचा नवरा


१५ मे

ताई,

मनी ठीक आहे. हे आधी लिहितो, म्हणजे बाकीचं तुम्हाला वाचता येईल.

काल जेवण झाल्यावर मी मशिनघरात होतो. चार नंबरला काल गेलो नव्हतो, मोठ्या पंपाचं तेल बदलायचं होतं. फलकावर चार नंबरचा काटा हळूहळू चढायला लागला, मग घंटी वाजली. सुपरवायझर बाहेरूनच ओरडला, "चार नंबरचं दार कुणी उघडं टाकलं रे? मामाचं गोदाम आहे का?" मला वाटलं, माल उतरवणाऱ्यांनी दार नीट लावलं नसेल. मी हात पुसत, चालतच गेलो. धावलो नाही. ते चालणं आता डोक्यातून जात नाही.

दाराला बोटभर फट होती. तिच्यात लहान निळी चप्पल अडकली होती.

मग काय केलं ते नीट आठवत नाही. आत धुकं झालं होतं. ती मागच्या भिंतीशी, उपड्या खोक्यावर बसली होती. अंगात दोन स्वेटर आणि वरून आईची शाल. एक पाय अनवाणी, तो तिने शालीत घेतला होता. ओठ जांभळे. मी उचललं तेव्हा ती काकडत होती. डॉक्टर म्हणाले, काकडत होती हे चांगलं, ते थांबल्यावर वाईट असतं. पायाच्या बोटांना काही दिवस मलम लावायचं आहे.

बाहेर उन्हात घेऊन बसलो. सुपरवायझर स्वतः धावत गरम पाणी आणायला गेला. तिचे दात वाजत होते, तरी ती बोलली.

"आत कुणी नाहीये, बाबा."

"नाही."

"मी हळू हाक मारली. मग मोठ्याने मारली."

"हो."

"तुलाही नाही ना सापडली? तू तर रोज जातोस."

हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. काकूंना सांगितलं नव्हतं, स्वतःशीही नीट बोललो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत मी चार नंबरमध्ये जाऊन त्याच खोक्यावर बसत होतो. दार ओढून घेऊन. ते खोकं मीच तिथे उपडं घातलं होतं. डबा बाहेर असायचा. तुम्हाला दांड्याबद्दल लिहिलं ते मला माहीत होतं, कारण धक्के मीच देत होतो. एकदोनदा लगेच दिले नाहीत. मी शिकलेला माणूस आहे, आत काय आहे आणि काय नाही ते मला कळतं. तरी बसत होतो. मनी खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, बाबा शोधायला जातो आणि त्याला जमत नाही.

तिला चुकीचं वाटलं, असं म्हणता येत नाही.

ती मग रडली. पहिल्यांदाच. काकू आल्या, त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही रडून घ्या, भाऊ. मी तिकडे तोंड करते." तसं त्यांनी केलंही.

दांडा कालच्या काल दुरुस्त करून घेतला. दार पूर्ण लागलं असतं, तर तिच्या हाताने तो हलला नसता. आणि घंटीही वाजली नसती. बंद दाराआड काटा जागचा हलत नाही.

आता एक विचारायचं आहे. मी तिला म्हटलं, ठिणगी तर दार ओढून घेते, मग तू चप्पल का ठेवलीस? ती म्हणाली, "आईने सांगितलंय ना. ठिणगी आधी दारात एक चप्पल ठेवते. थंडीला वाटतं दार बंदच आहे, आणि बाहेरच्यांना कळतं आत कुणीतरी आहे."

निळा तुकडा मी आज पुन्हा पहिल्यापासून वाचला. चप्पल त्यात कुठेही नाही. तुमच्या तुकड्यात आहे का? पुस्तक पाठवू नका, हवं तर. एवढंच कळवा.

धाकटीचा नवरा


२ जून

ताई,

पाकीट मिळालं. तपकिरी कापड, तीच शिवण. वर तुमची चिठ्ठी, एका ओळीची: 'आता वाचून दाखवायला हरकत नाही.'

मला आधी ती ओळ कळली नाही. मग पहिलं पान उघडलं. आमच्याकडे 'दार आतून ओढून घेतलं आणि', आणि तुमच्याकडे: 'पहिल्याच हाकेला भावाने ओ दिली.'

मी तिथेच, दारात उभा राहून शेवटपर्यंत वाचलं. ठिणगी त्याच्या हाताला धरून त्याला बाहेर आणते. म्हातारी डोळे पुसते. घरी सगळे वाट बघत असतात. मी समजत होतो तसं त्यात काहीच नाही. हे मी एप्रिलपासून मागत होतो. आधी आलं असतं, तर मी स्वतः तिला मांडीवर घेऊन वाचून दाखवलं असतं. आणि तेवढ्या आठवड्यांत माझंही काय झालं असतं, सांगता येत नाही.

तुम्ही पत्रं वाचत होतात तर. मी मागे एका पत्रात जे टाकून बोललो, ते माघारी घेतो. तुम्ही तेव्हा का आला नाहीत, ते आता विचारत नाही.

मनीला दोन्ही तुकडे सलग वाचून दाखवले. कात्रीपाशी मी सवयीने थांबलो. ती म्हणाली, "थांबू नको." मी वाचलं.

"खोटं आहे," म्हणाली.

"हो."

"पण छान आहे. परत वाच."

परत वाचलं. तेव्हा तिने चूक काढली. "चप्पल राहिली." मी म्हटलं, पुस्तकात नाही आहे गं, दोन्हींत नाही. तिला पटेना. मला पेन्सिल आणून दिली आणि कात्रीच्या कडेला लिहायला लावलं. छापलेल्या पुस्तकात मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. लिहिताना एक दिवस आठवला. मनी रांगत होती तेव्हा धाकटी मला डबा द्यायला चार नंबरपर्यंत आली होती. मी तिला आत नेलं आणि मागून दार लावलं. तिला त्याचा आवाज ऐकवायचा होता, पुस्तकातलं दार कसं असेल ते. ती हसली नाही. दोन्ही हातांनी दार ढकलत राहिली, मी दांडा दाबून दाखवेपर्यंत. घरी जाताना फक्त विचारलं, "आणि लहान मूल असेल तर?" मी म्हटलं, लहान मूल इथे कशाला येईल.

ती गोष्टीतलं काही बदलू देत नसे. एखादा शब्द मी चुकीचा म्हटला तरी सुधारायची. चप्पल मात्र तिने घातली.

मी आता चार नंबरमध्ये कामापुरताच जातो. कालही गेलो, तर सुपरवायझर मागून ओरडला, "अरे, दारात चप्पल कुणाची? घंटी वाजेल!" मी म्हटलं, माझी आहे, लगेच येतो. तो म्हणाला, "दांडा नवा बसवलाय की." मी म्हटलं, असू दे. चप्पल निघेपर्यंत तो दाराशी उभा राहिला.

दोन्ही तुकडे एकत्र शिवायचे आहेत, मनीचा हट्ट आहे. मला सुईत दोरा ओवता येत नाही आणि काकूंचे डोळे अधू झाले आहेत. शिंप्याच्या घरचं माणूस लागेल. गाडी दुपारी पोचते. आवाराच्या फाटकावर चार नंबरच्या मशिनवाल्याचं घर विचारलंत तर कुणीही दाखवेल.

आमच्या बाहेरच्या दारात सध्या एक चप्पल ठेवलेली असते. मनीनेच ठेवली आहे. धाकटीची आहे. तुमच्यासाठी ठेवली की आणखी कुणासाठी, ते मी विचारलं नाही. दार रात्रीही पूर्ण लागत नाही. मी ती काढलेली नाही.

धाकटीचा नवरा